भिजवलेले चेंडू

४ नोव्हेंबर

धाकटे,

मोठीने धाकटीला पत्र लिहिताना वरती आशीर्वाद लिहायचे असतात. ते या वेळी राहू देत. तू माझा फोन घेत नाहीस, मेसेज वाचतेस आणि मिठाची गुळणी धरून बसतेस, म्हणून कागद घेतला आहे.

माझी मुलगी तुझ्याकडे आहे. शनिवारी मुलींचा सराव संपवून मी मैदानावरून घरी आले तर घरात शुकशुकाट आणि फ्रिजवर चिठ्ठी. 'मावशीकडे जाते. खांदा दाखवून येते. चिडू नकोस.' सोळा वर्षांची मुलगी पाच तास एकटी बसमध्ये बसून तुझ्या दारात उभी राहते, आणि तू मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळवतेस, 'काडी पोचली. तपासणी चालू आहे.' पार्सल पोचल्याची पावतीसुद्धा याहून बऱ्या भाषेत असते.

तू फिजिओथेरपिस्ट आहेस हे मला माहीत आहे. पांढरा कोट घालतेस, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवतेस, लोकांना रबरी पट्टे ओढायला लावतेस. छान चाललं आहे तुझं. पण वेगवान गोलंदाज घडवणं हे काम माझं आहे आणि ते मी चौदा वर्षं करते आहे. तू काडीला आज पाहते आहेस. दोन वर्षांपूर्वी पाहायला हवं होतंस. जोर काढायला लावले की तिसऱ्याला तोंडावर आपटायची, म्हणून तर मुलींनी नाव काडी पाडलं. आता ती एका दमात तीस जोर काढते. बाकावर उताणी पडून पस्तीस किलोचा बार छातीवरून वर ढकलते. चार किलोचा भरीव चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून असा फेकते की क्लबच्या भिंतीचा गिलावा पडायला लागला आणि सचिवांनी मला बोलावून दम दिला. स्पीडगनवर ती ताशी ब्याण्णव किलोमीटरवरून एकशे सातवर आली आहे. हे काय आपोआप झालं?

सत्तावीस तारखेला मोठ्या संघाची निवड चाचणी आहे. निवड समितीला एकशे दहाची मुलगी हवी आहे. तीन किलोमीटर राहिले आहेत, आणि नेमकी हीच वेळ साधून तू तिला पलंगावर निजवून दिवे लावते आहेस.

ती रोज चाळीस चेंडू टाकते, त्याहून एकही जास्त नाही. खांदा जरा आखडला असेल. गोलंदाजाचा खांदा आखडणार नाही तर काय कारकुनाचा आखडेल? रविवारच्या बसमध्ये तिला बसवून दे. मी स्टँडवर येते.

ताई

९ नोव्हेंबर

धाकटे,

रविवारी मी स्टँडवर दोन तास उभी होते. बसमधून शेवटचा माणूस उतरला, ड्रायव्हर उतरला, आणि मी तशीच परत आले. त्याऐवजी काल तुझं पत्र आलं. चार पानं! बावीस वर्षांत मला दोन ओळींच्या वर लिहिलं नाहीस आणि आता चार पानं, तीही स्नायूंवर.

वाचली मी. हात फेकणारे स्नायू छातीकडे असतात आणि फेकलेला हात थांबवणारे खांद्याच्या मागे, पाठीच्या फळीला धरून. मी पुढच्यांना खाऊपिऊ घातलं आणि मागच्यांना उपाशी ठेवलं, असं तुझं म्हणणं. वेग जितका वाढला तितका ब्रेकवरचा भार वाढला, आणि ब्रेक तर मी बसवलाच नाही. वा! पाच तासांच्या अंतरावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? मैदानावर ये एकदा. स्टंप उडालेला सगळ्यांना दिसतो. चेंडू सुटल्यावर हात कसा थांबला ते एकाने तरी पाहिलं आहे का? निवड समिती वेग मोजते, ब्रेक नाही.

आणि तुमच्या त्या हाडांच्या डॉक्टरांना काडीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे ना, की न्हाणीघरात घसरले आणि हातावर पडले? मग झालं तर. ते म्हणतात की पडल्याची सूज असेल तर पंधरा दिवसांत खेळू दे. रोजच्या ताणाची असेल तर सांध्याच्या कडेला चीर पडायला लागली असं समजायचं, तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही, नाहीतर खांदा कायमचा जाईल. मशीनच्या फोटोवरून अजून नक्की सांगता येत नाही, पेशंट सांगेल त्यावर जायचं. पेशंटने सांगितलं. पेशंट घसरली. आपल्या घरातल्या पोरींना न्हाणीघर मानवत नाही, त्याला मी काय करू?

तुला मात्र ते पटत नाही. रोज किती चेंडू, कोणता चेंडू, किती महिने, हे माझ्या अक्षरात लिहून आणि खाली सही करून हवं आहे. मी काय पोलीस चौकीत बसले आहे? चाळीस म्हणून सांगितलं ना?

शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस, 'ताई, मी तेव्हा कशी घसरले ते आपल्या दोघींनाच माहीत आहे.' ते वाक्य लिहायला नको होतंस. जुनी मढी उकरून तुझा हात वर जाणार नाही.

काडीला सांग की तिची बॅट घरी राहिली आहे आणि बुटांचे खिळे मी बदलून ठेवले आहेत.

ताई

१५ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं उत्तर यायच्या आत लिहिते आहे, कारण मला तुला एक सांगायचं आहे आणि ते सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे.

तुझ्या चार पानांत एक परीक्षा होती. मुलीला बाकावर पालथी झोपवायची, हात बाकाखाली लोंबकळू द्यायचा, हातात अर्ध्या किलोचं वजन द्यायचं, आणि अंगठा आकाशाकडे ठेवून हात बाजूला, खांद्याच्या रेषेत उचलून वीस सेकंद धरायला सांगायचा. मी म्हटलं, घेऊन टाकू. अकराच्या अकरा मुली वीस काय चाळीस सेकंद धरतील आणि मग तो कागद तुझ्या तोंडावर मारता येईल. पस्तीस किलो ढकलणाऱ्या मुलींना अर्ध्या किलोचं काय?

मंगळवारी सराव थांबवून सगळ्यांना क्लबच्या व्यायामाच्या खोलीत नेलं. पहिली माझी डावखुरी, सगळ्यांत दणकट. सातव्या सेकंदाला हात थरथरला, दहाव्याला खाली आला. ती हसली, मीही हसले, म्हटलं नीट खाऊन येत जा. दुसरीचा बारा. तिसरीने खांदा कानाला लावून फसवायचा प्रयत्न केला, मी तो खाली दाबला, तर सहा. मग कुणी हसेना. अकरांतल्या सात मुली वीसपर्यंत पोचल्या नाहीत.

त्यातही मला जे खुपलं ते वेगळंच आहे. ज्या चार जणी पोचल्या, त्या या जूनमध्ये आलेल्या. नवख्या. ज्यांना अजून धड रन-अप मोजता येत नाही अशा. ज्या पोचल्या नाहीत त्या सगळ्या माझ्या हाताखाली दीड-दोन वर्षं तयार झालेल्या. माझ्याकडे जितकं जास्त राहावं तितका हात लवकर पडतो. हा हिशेब मी तीनदा उलटसुलट करून पाहिला, तो बदलेना.

खोली रिकामी झाल्यावर डावखुरी मागे रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, काडीचा तर रिकामा हातपण थरथरायचा. ती आम्हाला सांगू नका म्हणाली होती."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. ती बाटली पण डाव्या हाताने उघडायची."

मी तिला म्हटलं, घरी जा. मग मी बादली कपाटामागे सरकवली. कसली बादली ते विचारू नकोस, तुला चांगलं माहीत आहे.

याचा अर्थ तू बरोबर आहेस असा काढू नकोस. परीक्षा तुझी, नियम तुझे. तुझ्या परीक्षेत तू पहिली येणारच. रबरी पट्ट्यांच्या दोन जोड्या मागवल्या आहेत, त्या मुली कंटाळतात म्हणून, तू सांगितलंस म्हणून नाही.

ताई

२१ नोव्हेंबर, सकाळ

धाकटे,

आता कसं? आपटलीस ना तोंडावर? काल काडीचा फोन आला होता. डॉक्टरांनी परवानगी दिली! सूज उतरली आहे, पडल्याचंच होतं असं त्यांचं मत झालं आहे, पंचवीस तारखेपासून हलका सराव आणि सत्तावीसला चाचणी. तुझ्या चार पानांना, सहीला आणि मोठ्या गप्पांना त्यांनी काडीची किंमत दिली नाही. तू इतकी वर्षं त्याच हॉस्पिटलात आहेस आणि तुझं कुणी ऐकत नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मी सचिवांना सांगून आले. ते म्हणाले, आपली मुलगी निवडली गेली तर मुलींना मधली हिरवळीची खेळपट्टी देऊ, त्या कोपऱ्यातल्या सिमेंटवर फार वर्षं काढलीत तुम्ही. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला खुर्ची पुढे केली. पोरगी

दुपार

सकाळी इथपर्यंत लिहिलं आणि पुढचा शब्द सुचेना. मैदानावर जाऊन आले. आज सुट्टी होती, माळी रोलर फिरवत होता. परत आले.

फोन ठेवताना काडी आवाज लहान करून काय म्हणाली ते मी सकाळी तुला लिहिलं नाही. ती म्हणाली, "आई, मी कुणाला काही सांगितलं नाही हं. मावशीने खूप खोदून विचारलं, तरी नाही. तू काळजी करू नकोस."

बावीस वर्षांपूर्वी तू हेच म्हणाली होतीस. याच शब्दांत नाही. तू सतरा वर्षांची होतीस, हात छातीशी धरून मैदानाच्या पायरीवर बसली होतीस, ओठ पांढरे पडले होते आणि मला विचारत होतीस, "ताई, बाबांना काय सांगायचं?" मी विचारही केला नाही. म्हटलं, न्हाणीघरात घसरले म्हण. बाबांना खरं कळलं तर ते मला पुन्हा मैदानावर पाऊल टाकू देणार नाहीत. तू मान हलवलीस. डॉक्टरांनाही तेच सांगितलंस. पडल्याचं समजून त्यांनी तुला तीन आठवड्यांत मोकळं केलं, आणि दुसऱ्या महिन्यात तू पहिलं षटक टाकताना तुझा खांदा निखळला. तो आवाज मी मिडऑफवरून ऐकला. मी काडीला हे कधी सांगितलं नाही. आपल्या घरात मावशी घसरली होती, एवढंच तिला ठाऊक आहे. म्हणूनच तिला दुसरी थाप सुचली नसावी.

भिजवलेल्या चेंडूचा शोध मी लावला. आपला चेंडू क्लबच्या टाकीत पडला होता, दुसऱ्या दिवशी काढला तर जड झालेला. मी गंमत म्हणून तुला तो टाकायला दिला. वीस चेंडू टाकलेस आणि मग कोरडा हातात घेतलास तेव्हा तो पिसासारखा सुटला. तू ओरडलीस, "ताई, हात उडतोय माझा!" मी त्या दिवशी स्वतःला फार हुशार समजले आणि पुढे रोज तुला तेच चेंडू टाकायला लावले. तुझं जे झालं ते त्याने झालं हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मी मनाची समजूत घातली की तुझा खांदाच मुळात नाजूक, तू व्यायाम चुकवायचीस, तू रडकी होतीस. पोरीवर करताना मी तिला आधी दणकट केलं, जोर, बार, भरीव चेंडू, म्हणजे तुझ्यासारखं होणार नाही. छाती दणकट केली मी तिची. ब्रेक तिलाही बसवला नाही.

आता लिही. नाही, मीच लिहिते, तुला माझ्या अक्षरात हवं होतं.

आठवड्याचे सहा दिवस. रोज एकशे वीस चेंडू. त्यातले सत्तर आदल्या दिवशी बादलीत भिजवलेले. किराणा दुकानात वजन करून घेतलं होतं, एकशे नव्वद ग्रॅम भरला. कोरडा दीडशेच्या आत असतो. असे चौदा महिने. शेवटचे सहा आठवडे सत्तरचे नव्वद केले, कारण एकशे सातला काटा अडकला होता. ती घसरलेली नाही. खांदा दुखतो हे तिने मला ऑगस्टमध्ये एकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, दुखणारच, वेग फुकट मिळत नाही. त्यानंतर ती काही बोलली नाही. चाळीस चेंडू हे मी तुला खोटं लिहिलं होतं.

खाली पूर्ण सही केली आहे. पोस्टाने दोन दिवस जातील, म्हणून आत्ताच या पानाचा फोटो काढून तुला पाठवते आहे, कागद मागून येईल. हा मेसेज वाचून सोडून देऊ नकोस. डॉक्टरांना दाखव. आजच.

आणि मला उलट काही चांगलं लिहू नकोस. 'ताई, बरं केलंस' वगैरे. मला ते सहन होणार नाही.

३० नोव्हेंबर

धाकटे,

चाचणी काडीशिवाय झाली. एकशे अकराची एक मुलगी मिळाली त्यांना, दुसऱ्या क्लबची. मी पाहायला गेले होते. चांगला हात आहे. चेंडू सुटल्यावर तो कसा थांबतो तेच मी पूर्ण वेळ पाहत बसले, शेजारचा माणूस मला विचारत होता, काय हरवलंय का.

परीक्षेत हात पडलेल्या त्या सात मुलींच्या घरी जाऊन आले. आईबापांना स्वतः सांगितलं, बादलीसकट. डावखुरीच्या वडिलांनी दार लावून घेतलं. एका आईने मला आत बसवून पाणी दिलं आणि मग जे सुनावलं ते मी खाली मान घालून ऐकलं. सचिवांनी 'सध्या थोडं थांबू या' असं म्हटलं आहे. खुर्ची पुढे केली नाही. मुलींचा सराव आता दुसरा कोच घेतो. तो त्यांना पट्टे ओढायला लावतो का ते मी कुंपणाबाहेरून पाहून आले. लावतो.

तुला खूश व्हायचं असेल तर हो. मला तुझा राग अजून येतोच. तुला संशय होता, मग तू डॉक्टरांपुढे माझं नाव घेऊन का सांगितलं नाहीस? स्वतःच्या खांद्याचं का सांगितलं नाहीस? एक वाक्य होतं. ते तू बावीस वर्षं गिळलंस आणि त्या दिवशीही गिळलंस, आणि पोरीबद्दल बोलायला मलाच लावलंस. हे तू माझ्यावर उगवलेला सूड होता की अजूनही माझं नाव सांभाळत होतीस, ते मला कळत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला ते आवडलेलं नाही.

काल काडीने फोन केला. नऊ दिवसांनी. माझा आवाज ऐकल्याबरोबर म्हणाली, "कशाला सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुझा खांदा गेला असता."

"माझा खांदा होता. मला फक्त एक चाचणी द्यायची होती. तू इतकी वर्षं मागतेस ती मधली खेळपट्टी तुला मिळाली असती, तुला सगळ्यांनी मान दिला असता. मी त्याच्यासाठी तोंड बंद ठेवलं. मावशी रोज रात्री माझ्याजवळ बसून रडायची, तरी बंद ठेवलं. आणि तू एका पानात सगळं लिहून मोकळी झालीस?"

मी म्हटलं, "हो."

"मग ऑगस्टमध्ये का नाही ऐकलंस? मी सांगितलं होतं ना तुला, दुखतंय म्हणून?"

मी म्हटलं, "सांगितलं होतंस." मग म्हणाली, मी तिकडे येत नाही, मावशीकडे राहून बरी होणार, आणि पुन्हा गोलंदाजी शिकेन तेव्हा तू शिकवायचं नाहीस. मी त्यालाही हो म्हटलं. तिला वाटलं असावं की मी भांडेन. भांडले नाही म्हणून ती आणखी चिडली आणि तिने फोन ठेवला.

तर ती आता तुझ्याकडेच राहील. तिचे कपडे, पुस्तकं आणि बूट परवाच्या बसने पाठवते. तीन महिन्यांनी ती चेंडू हातात घेईल. किती टाकायचे, कधी थांबायचं, ते तू ठरव, मी तोंड घालणार नाही. मला तिथे येऊन ते पाहू द्यायचं की नाही, ते मात्र ती ठरवेल. तू नाही.

ताई